स्पिटफायर ‘ती’ की ‘ते’? विमानाच्या लिंगाचा घोळ

स्वल्पविराम: मंडळी, एक अडलंय. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर चालवलेल्या एका इंग्रज वैमानिकाच्या आठवणी मराठीत करतेय आणि हा बाबा पहिल्या पानापासून विमानाला ‘शी’ म्हणतो. नाक खाली करून झटकन सूर मारला की सुरुवातीच्या मर्लिन इंजिनाच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं आणि इंजिन क्षणभर गप्प व्हायचं, तर तिथे तो ‘तिनं श्वास रोखला, मग रुसून परत चालू झाली’ अशा धाटणीत लिहितो. मी सगळीकडे ‘ती’ ठेवलं. संपादकांनी सगळीकडे लाल रेघा मारून ‘ते’ केलं, कारण विमान नपुंसकलिंगी. बरोबर आहे हो, पण आता ते सगळं पंप दुरुस्तीच्या माहितीपत्रकासारखं वाचायला लागतंय. काय करू?

काटेकोर: संपादकांचं बरोबर. ते विमान, ते जहाज, ते गलबत. इंग्रजीत नामाला लिंग नसतं म्हणून त्यांना ‘शी’ची हौस करता येते, आपल्याकडे व्याकरण आधीच ठरवून बसलंय. आणि इंग्रजांनी तरी कुठे टिकवलं? लॉइड्स लिस्ट या जहाजांच्या जुन्या वृत्तपत्रानं २००२ मध्ये जहाजाला ‘शी’ म्हणणं बंद केलं.

ओझरचा बाब्या: वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, घरात मिग आणि नंतर सुखोई हेच विषय. त्यांच्या तोंडी ‘ती’ कधी ऐकलं नाही. ‘आज एक बाहेर काढलं’, ‘ते त्रास देतंय’ असंच. पेपरातही ‘मिग-२१ कोसळले’ असंच येतं. पण आई त्यांना म्हणायची ‘तुमची सवत तिकडे हँगरमध्ये’, आता बोला.

म्युनिकवासी: सवत भारी 😄 इकडे जर्मनीत गंमत आहे. विमानाचा शब्द ‘फ्लुगत्सोइग’ नपुंसकलिंगी, आपल्यासारखाच. पण बोईंग म्हटलं की स्त्रीलिंगी, कारण मनात ‘माशिने’ हा शब्द असतो, आणि एअरबस म्हटलं की पुल्लिंगी, कारण शेवटी बस, आणि त्यांच्यात बस पुल्लिंगी. जुन्या युंकर्स ५२ ला तर ‘टांटे यू’ म्हणतात, म्हणजे यू मावशी. थोडक्यात मनातला न बोललेला शब्द लिंग ठरवतो.

काटेकोर: मराठीतही तेच की. विक्रांत हे नाव पुल्लिंगी, पण ‘विक्रांत दाखल झाली’, कारण नौका. पंजाब मेल सुटली, कारण गाडी. मग स्पिटफायरच्या मागे कुठला शब्द? विमान. संपला विषय.

जुनं तिकीट: इतक्यात संपवू नका. आपल्याच एअर इंडियाचं बघा. ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला पहिलं विमान गेलं त्याचं नाव ‘मलबार प्रिन्सेस’. त्याच कॉन्स्टेलेशन जातीत काश्मीर प्रिन्सेस होती, पुढच्या सुपर कॉन्स्टेलेशन्समध्ये झाशीची राणी होती. मग बोईंग ७०७ आली तर त्यांना हिमालयाची शिखरं, होमी भाभा ज्याच्या अपघातात गेले ते ‘कांचनजंगा’. आणि १९७१ ला जंबो आली ती डायरेक्ट सम्राट, अशोक, कनिष्क वगैरे. राजकन्या, डोंगर, बादशहा! आकार वाढला तसं लिंग बदललं का काय कोण जाणे. पण १ जानेवारी १९७८ ला वांद्र्यासमोर समुद्रात पडलं ते ‘सम्राट अशोक’सुद्धा मराठीत पडलंच, पडला नाही.

वऱ्हाडी ठेचा: आमच्याकडं नागपुरात हिंदीच्या नादानं ‘प्लेन आला’ सर्रास चालते. हिंदीत विमान पुल्लिंगीच आहे. हे सगळे नियम पुण्याचे.

काटेकोर: पुण्याचे नाहीत, मराठीचे आहेत. आणि प्लेन कशाला, विमान म्हणा. फ्लाइट कशाला, उड्डाण म्हणा.

जुनं तिकीट: ‘माझं उड्डाण चुकलं’ असं सांगून बघा घरी. डॉक्टरकडे नेतील.

संस्कृतप्रेमी: मूळ संस्कृतात विमान हा शब्द पुल्लिंगीही आहे आणि नपुंसकलिंगीही, त्यामुळे नागपूरकरांना पूर्ण चूक म्हणता येणार नाही. आणि ‘वि’ म्हणजे पक्षी, म्हणून विमान म्हणजे पक्ष्याप्रमाणे असलेलं! तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर उडवलेल्या विमानाचं नावही ‘मरुत्सखा’, म्हणजे पुल्लिंगीच.

म्युनिकवासी: संस्कृतात ‘वि’ पक्षी आहे हे खरं, पण विमान वि + मा, मोजणं, आक्रमणं यातून आलंय. आणि चौपाटीच्या उड्डाणाला विश्वासार्ह पुरावा नाही हो. ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या त्या संस्कृत ग्रंथातल्या विमानांचा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये अभ्यास केला, त्यांचं म्हणणं ती उडूच शकत नाहीत.

संस्कृतप्रेमी: आपल्या लोकांना आपलंच काही पटत नाही, हेच दुर्दैव.

मालवणी मसाला: परत त्या बाईंच्या प्रश्नाकडे येऊ का? ‘ते’ म्हणजे कोरडं, निर्जीव, हे कोणी ठरवलं? आमच्या मालवणीत बायकोला, मुलीला ‘ता’ म्हणतात, ‘ता खंय गेला?’ म्हणजे ती कुठे गेली. गोव्यात कोंकणीतही चेडूं नपुंसकलिंगी. प्रमाण मराठीतसुद्धा बाळ, लेकरू, पोर, पिल्लू, सगळ्यात लाडाची नावं ‘ते’च आहेत. मराठीत जीव लावायचा असेल तर ‘ते’ पुरतं की. स्वल्पविराम, ‘त्यानं श्वास रोखला’ लिहा, आणि ‘रुसून’च्या जागी ‘हट्टाला पेटलं’ करा, लेकरासारखं होईल. स्त्रीलिंग सगळीकडे ओढून आणायची गरज नाही.

स्वल्पविराम: अरे हे सुचलंच नव्हतं! पण लेखकाच्या डोक्यात प्रेयसी आहे हो, लेकरू नाही. ‘तिच्या कमरेत हात घातल्यासारखी कॉकपिट बसते’ असं वाक्य आहे, ते लेकराला लावू का? तिथे ‘ते’ केलं तर भलतंच होईल.

काटेकोर: प्रेयसी वगैरेंचं फार कौतुक नको. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाला वैमानिकानं आईचं नाव दिलं होतं, एनोला गे. विमानाला बाई म्हणण्यात प्रेमच असतं असं काही नाही.

ओझरचा बाब्या: आणि गंमत म्हणजे मर्लिनचं ते श्वास रोखणं बरंचसं आवरलं तेही एका बाईनंच, इंजिनियर बिएट्रिस शिलिंग. १९४१ मध्ये पेट्रोलच्या वाटेत वॉशरसारखी भोक असलेली छोटी चकती बसवली, बरंचसं काम झालं. हे तळटीपेत टाकाच.

वऱ्हाडी ठेचा: आता एवढे जाणकार जमलेच आहेत तर सांगा, ड्रोन काय? आमच्या ऑफिसात ‘ती ड्रोन’ म्हणणाराही एक आहे.

काटेकोर: ते ड्रोन. विमानासारखंच.

बांधावरून: काय राव, आमच्या शिवारात फवारणीला ‘ड्रोन आला’च म्हणत्यात सगळे, ट्रॅक्टर येतो तसा तो पण येतो. ‘ड्रोन आलं’ म्हणणारा माणूस मी बघितला नाही.

काटेकोर: शिवारातल्या वापरावर व्याकरण ठरत नसतं.

बांधावरून: मग कुठल्या ठरतंय? नांगर, कुळव, पाभर हे शब्द तुम्हाला कुणी दिले?

मालवणी मसाला: आणि सरकारी योजनेतून तो चालवायला शिकलेली बाई ती ड्रोन दीदी. तो ड्रोन, ती दीदी. स्वल्पविराम, तुमचं कमरेचं वाक्य मूळ इंग्रजीत पूर्ण टाका बघू इथे.