मदत हवी आहे: भाड्याच्या ई-स्कूटरना परवानगी कुणाची?

नमस्कार मंडळी. बेळगावात टिळकवाडीत आरपीडी क्रॉसजवळ कॉलेजच्या पोरांना तासावर ई-स्कूटर द्यायचा धाकट्या भावाचा विचार आहे. २५० वॅट, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला नोंदणी-लायसन्स लागत नाही, एवढं ठाऊक आहे. मोटारसायकल भाड्याने द्यायची केंद्राची १९९७ ची योजनाही आहे. पण या बिननंबरच्या गाड्या तिच्यात कशा बसणार? नुसतं ट्रेड लायसन्स पुरेल का? आणि रस्त्याकडेला चार गाड्या लावल्या तर जागेचं भाडं महापालिकेला भरायचं का? एका कचेरीतून दुसरीकडे पाठवलं. हातात पडलेला अर्ज कन्नडात, आणि माझं कन्नड बसच्या पाटीपुरतंच! शहापूर, वडगावकडे कुणी असा धंदा केलाय का? भरलेल्या अर्जाची झेरॉक्स मिळाली तर फार बरं होईल.