राजम्याचा दाट रस्सा खाऊनही शुगर २१४. चुकतंय कुठे?

वहीवाला

नमस्कार मंडळी. वय ६१, डायबेटिस निघून सात महिने झाले. मेटफॉर्मिन दोन वेळा चालू आहे. नोकरीत असताना हिशेबनीस होतो, त्यामुळे काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि मीटर काय म्हणाला, हे सगळं वहीत लिहून ठेवतो. बायको अजून नोकरीत आहे. तिचं म्हणणं, तीस वर्षं मी रांधलं, आता तुमची पाळी. रास्त आहे.

डॉक्टरांनी कडधान्यं वाढवायला सांगितली, म्हणून पोटभरीचा एक रस्सा बसवला. पाव किलो राजमा रात्री भिजवून कुकरमध्ये शिजवतो. दोन मोठे कांदे, लसूण, चार टोमॅटो परततो, दोन बटाटे फोडी करून टाकतो. टोमॅटोचा आंबटपणा मारायला एक मोठा चमचा साखर आणि दाटपणासाठी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून. चार जणांना पुरतो. चव चांगली येते, स्वतःची स्तुती समजा हवं तर.

आता वही. जेवणाआधी ११८, पहिल्या घासापासून दोन तासांनी २१४. दुसऱ्यांदा २०६. तिसऱ्यांदा २२१. दर वेळी सोबत दोन वाट्या पांढरा भात होता. राजमा मला सोसत नाही असं समजायचं का?

घाईतला

काका, राजमा सोडा आणि मूग खा. विषय संपला.

पळीताई

घाईतले दादा, विषय संपला नाही, अजून चुलीवरच आहे.

वहीवाले काका, तुम्ही हिशेबनीस, म्हणून हिशेबच मांडते. शिजलेल्या राजम्याच्या १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं साधारण २३ ग्रॅम, त्यातले ६-७ ग्रॅम तंतू म्हणजे फायबर, जे शुगर चढवत नाही. प्रथिनं ९च्या आसपास. पाव किलो कोरडा राजमा शिजून सहाशे ग्रॅमच्या घरात जातो, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात दीडशे. तंतू वजा करून राजम्याची कर्बोदकं झाली साधारण २४ ग्रॅम.

आता बाकीची मंडळी. दोन बटाटे तीनशे ग्रॅमचे धरले तर ५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअरचे १४, साखरेचे १२. चौघांत वाटले की माणशी १९. आणि दोन वाट्या भात, वाटीत दीडशे ग्रॅम धरला तर ८४. म्हणजे राजम्याचे २४ आणि सोबत्यांचे १०३! आळ मात्र राजम्यावर. कांदा-टोमॅटो मी धरलेच नाहीत.

ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे एखादा पदार्थ शुगर किती चढवतो याची ग्लुकोजला १०० धरून केलेली मोजणी, १९८१ साली टोरांटोमध्ये डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी मांडली. त्यात राजमा तिशीच्या आत-बाहेर येतो आणि पांढरा भात बहुतेक वेळा सत्तरच्या आसपास. कारण सोपं आहे. अख्ख्या दाण्यात स्टार्च पेशींच्या भिंतींआड कोंडलेला असतो, पचनाला तिथवर पोचायला वेळ लागतो. म्हणून दाणा अख्खा राहू द्यायचा. पीठ किंवा गुळगुळीत पेस्ट केली की तो फायदा बराचसा जातो.

माझी रीत सांगते. वीस वर्षं डायबेटिस आहे, तेव्हा ही माझ्यावरच घासूनपुसून घेतलेली आहे.

भिजवायच्या पाण्यात चमचाभर मीठ टाका. लोक म्हणतात मिठाने दाणा कडक राहतो. माझा अनुभव उलट आहे, सालं मऊ होतात आणि फुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पाणी ओतून द्या, दाणे धुवा, नवं पाणी घाला. टोमॅटो मात्र राजमा पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा तासभर रटरटूनही मधे कचकचतो. जुना राजमा असेल तरी तेच होतं, मग तुमचा दोष नाही. सोडा मी घालत नाही, साल पिठाळ होतं आणि ब १ जीवनसत्त्वही जातं.

बटाट्याच्या जागी ढोबळी मिरची, मशरूम, मूठभर पालक. कांदा मंद आचेवर चांगला वीस मिनिटं, अगदी तपकिरी होईपर्यंत परता. त्याची गोडी टोमॅटोला पुरते, साखर लागत नाही. घाई केलीत तर लागेल, हे आधीच सांगते. दाटपणासाठी एक पळीभर राजमा काढून ठेचा आणि परत सोडा. एकच पळी हं. झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळलं की रस्सा मिळून येतो. लिंबू उतरवल्यावर.

भात पूर्ण सोडा असं म्हणणार नाही. अर्धी वाटी, आणि तोही शेवटी. आधी अर्धं ताट भाजी आणि राजमा.

वहीवाला

ताई, मी दोनदा बेरीज केली. बरोबर आहे. लाज वाटली. स्वतःच्या वहीत शुगर लिहिली, पण पातेल्यात काय काय ओतलं त्याची नोंदच नव्हती.

उद्या करतो. मुलीने स्लो कुकर दिला आहे, सकाळी लावून संध्याकाळी तयार, असं ती म्हणते. त्यात चालेल ना?

मधलीसुट्टी

थांबा! कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये थेट घालू नका. मी घातला होता. बेत घरी पाहुणे असताना. जेवून दोन तास झाले नाहीत तोच मला आणि भावाला एकामागून एक उलट्या. पाहुणे वाचले, कारण त्यांनी नको म्हटलं होतं (त्याचा राग आधी आला होता, नंतर आनंद झाला).

राजम्यात एक लेक्टिन असतं, म्हणजे एक प्रकारचं विषारी प्रथिन, नाव फायटोहिमॅग्लुटिनिन. चार-पाच कच्चे दाणेही पोट बिघडवायला पुरतात. मंद आचेच्या भांड्यात तापमान नीट चढलं नाही तर ते मरत नाही, उलट अर्धवट शिजलेला दाणा कच्च्याहून वाईट ठरू शकतो. निदान पाच तास भिजवा, पाणी ओता, नव्या पाण्यात खळखळून उकळा. कमीत कमी दहा मिनिटं, मी अर्धा तास उकळते. मग हवं तर स्लो कुकर. प्रेशर कुकरमध्ये गच्च शिजवलात तर ही भानगडच नाही. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो; तो चाळणीवर धुवून घ्या, बरंचसं मीठ निघून जातं.

निळीबाटली

दोन गोष्टी, कारण आमच्या घरी दोन्ही झाल्या. ज्यांच्या किडनीचा त्रास आहे त्यांनी राजम्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर भात एकदम कमी करू नका. माझे सासरे भात सोडून बसले आणि गोळी तेवढीच. दुपारी घाम, थरथर, मीटरवर ५८, म्हणजे शुगर फारच खाली. वहीवाले काकांचं मेटफॉर्मिन एकटं असेल तर ती भीती कमी, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

वहीवाला (आठ दिवसांनी)

नोंद देतो. कुकरमध्येच केला. स्लो कुकर कपाटात गेला, मुलीला अजून सांगितलेलं नाही.

पहिल्या दिवशी कांद्याला नऊ मिनिटं दिली आणि रस्सा आंबट झाला. ताई, तुम्ही बजावलं होतं. दुसऱ्यांदा बावीस मिनिटं, घड्याळ लावून. बटाटा, साखर, कॉर्नफ्लोअर बाद. भात अर्धी वाटी, शेवटी.

आधी ११६, दोन तासांनी १५४. परवा आधी १२१, नंतर १४९. डॉक्टरांनी मला दोन तासांनी १८०च्या खाली राहा असं सांगितलंय.

एक तक्रार आहे. पोटात वारा फार धरतो. बायको म्हणते वहीत तेही लिहा.

पळीताई

छान! वाऱ्याला कारण राजम्यातल्या न पचणाऱ्या शर्करा, आतड्यातले जंतू त्यावर ताव मारतात. भिजवलेलं पाणी टाकून दिलं की थोडा फरक पडतो. तुम्ही शून्यावरून एकदम दीडशे ग्रॅमवर गेलात. आठवडाभर अर्धा डाव घ्या, मग हळूहळू वाढवा, पोट सरावतं.

वहीवाला

बरं. आणि उरलेला फ्रीजरमध्ये ठेवला तर?

पळीताई

ठेवा, पण रस्स्यात बुडलेला. कोरडा ठेवलात तर दाणे चिरतात. डब्यावर तारीख मात्र लिहा, तुम्हाला ते सांगायला नको म्हणा.