मदत हवी आहे: चौथीच्या वर्गातली गोल सभा

नमस्कार मंडळी, मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत चौथीला शिकवते. शनिवारी दप्तर नसतं तेव्हा पोरांना गोलात बसवते, मीपण खालीच बसते, आणि आठवड्यात वर्गात काय चांगलं झालं, काय खटकलं ते पोरंच बोलतात.

अडचण अशी की सभेचं कोर्ट होतं. "बाई, ह्यानं माझं खोडरबर घेतलं" सुरू झालं की सगळा वेळ त्यातच जातो, आणि काय करायचं विचारलं की सगळे एका सुरात "उठाबशा!" आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम १७ नं आपल्याला शारीरिक शिक्षा बंद आहे, मग पोरांनी एकमेकांना दिलेली कशी चालेल?

दुसरी गोष्ट जास्त टोचते. दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली लेकरं मार्च-एप्रिलला परत येतात तोवर त्यांची जागा, जोडीदार, कबड्डीतली टीम सगळं दुसऱ्याचं झालेलं असतं. सभेत ती तोंडच उघडत नाहीत. इंग्लंडात समरहिल म्हणून १९२१ पासूनची शाळा आहे, तिथल्या सभेत शिक्षक असो की पोरगं, एकाला एकच मत. तसं मतदान घ्यावं वाटतं, पण आमच्याकडे ही मूठभर लेकरं दर वेळी हरणारच ना? कुणी प्राथमिकला असं चालवलंय का? प्लीज सांगा.

प्रतिसाद १:
ताई, मतदान नकोच, सगळ्यांना चालेल असं निघेपर्यंत बोलू द्या, नाही निघालं तर पुढच्या शनिवारी. तक्रारी पेटीत टाकायला सांगा, निम्म्या तर शनिवारपर्यंत आपोआप मिटतात, उरलेल्या नाव न घेता वाचा. चेंडू फिरवायचा, हातात असेल त्यानंच बोलायचं, नको असेल तर पुढे द्यायचा, जबरदस्ती नाही. आणि ऊसतोडीवाली यायच्या आधीच्या सभेतच विषय घ्या की अमका येतोय, बसणार कुठे, खेळणार कुणाकडून. पोरं बरोबर जागा काढतात.

धागाकर्ती:
खूप आभार सर, आधीच जागा ठरवायचं फारच पटलं, फोन करून कोण कधी परततंय ते विचारून घेते. पेटीचं एक विचारायचंय, ह्यातल्या काहींना अजून सलग लिहिता येत नाही, आणि दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं म्हटलं तर ती सांगणारच नाहीत. चित्र काढून टाकलं तर चालेल का? कुणी करून बघितलंय?