नर्सरीच्या पाटीवर शास्त्रीय नाव सक्तीचं हवं का?

बागवेडी:
आठ वर्षांपूर्वी 'अशोक' म्हणून रोप आणलं. मला हवा होता सीतेचा अशोक, केशरी-लाल गुच्छांचा. वाढला तो सोसायट्यांच्या कुंपणाला असतो तो, खांबासारखा सरळ, पानं लोंबलेली. नर्सरीवाला म्हणतो मॅडम यालाही अशोकच म्हणतात, आणि तो खोटं बोलत नाहीये हीच तर कटकट आहे! एक सराका असोका, चिंचेच्या कुळातला, दुसरा पॉलिअल्थिया लाँगिफोलिया, सीताफळाच्या कुळातला. पाटीवर शास्त्रीय नाव सक्तीचं करा.

बांधावरचा:
'सीता अशोक' असं पूर्ण मागितलं असतं तर तोच मिळाला असता की. आणि तुमचं पॉलिअल्थिया आता मोनून झालंय, पाटी परत रंगवायची का? बाभळीचं तर बघा, आधी अकेशिया अरेबिका, मग अकेशिया निलोटिका, मग 2005 ला व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवायचं ठरलं आणि आमची झाली व्हॅकेलिया. बांधावर अजून बाभूळच आहे, काटाही तोच.

बागवेडी:
नाव बदललं तरी जुन्यावरून नवं शोधता येतं हो. 'चाफा' म्हटल्यावर काय शोधणार? सोनचाफा, हिरवा चाफा, देवचाफा, तिघांची कुळं तीन. आणि अशोकाची साल औषधात जाते, तिच्यात या खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते, तिथे पण 'यालाही अशोकच म्हणतात' चालेल का?

बांधावरचा:
औषधाचं मान्य, तिथे हवंच. पण भेसळ करणारा पाटीवर लॅटिन लिहूनही भेसळच करणार ना.

दगडूची_नात:
दसऱ्याला कांचनाची पानं आपटा म्हणून खपवतात, विकणारीला बौहिनिया म्हणून दाखवा, दोन्ही बौहिनियाच! आजी नुसतं पान हातात घेऊन सांगायची, आपट्याचं लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद. लॅटिन पाठ करण्यापेक्षा पान बघायला शिका.

बागवेडी:
अर्धंच नाव घेतलंत, पुढे रेसिमोसा म्हणा की आपटा वेगळा निघतो. आणि बौहिनिया हे नाव बौहिन आडनावाच्या दोन भावांवरून आहे, पान असं जोडीचं असतं म्हणून.

दगडूची_नात:
म्हणजे त्यांनीपण पान बघूनच ठेवलं 😄 आजीशी जमलं असतं त्यांचं.

बांधावरचा:
ते राहू द्या, त्या खोट्या अशोकाचं काय करणार?

बागवेडी:
ठेवणार. फळं पिकली की कोकिळा येतात त्याच्यावर. पण पाटी लावणार, मोनून लिहून.