'संतान': एक की अनेक? (गलतीकरांस पत्र ३:१६)

प्रश्न: बायबलमधल्या या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, देवाने अब्राहामाला दिलेले वचन 'संतानांना' नव्हे तर 'संतानाला' दिले, आणि ते संतान म्हणजे ख्रिस्त. उत्पत्ती १७:८ मध्ये मात्र कनान देश अब्राहामाच्या सगळ्या वंशाला मिळायचा आहे. मूळ शब्द एकवचनी आहे का? मराठीत कोणता शब्द घ्यावा?

उत्तर: हिब्रू शब्द 'झेरा', म्हणजे बी. रूप एकवचनी, अर्थ समूहाचा. 'वावरात बी पेरलं' म्हणताना एकच दाणा मनात नसतो, तसेच हे. १७:८ मध्येच पुढे 'मी त्यांचा देव होईन' असे आहे, म्हणजे तिथे अनेकच अभिप्रेत आहेत. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरातला 'स्पेर्मा'ही एकवचनी. पौलाने बोट ठेवले ते या रूपावर.

उत्तर: म्हणून मराठीत 'संतती' अडचणीची. 'संततींना' असे सहसा कोणी म्हणत नाही, मग एक-अनेक हा भेद दाखवायचा कसा? 'वंशज' घेतला तर उत्पत्तीत 'वंशजांना' लिहावे लागते आणि पौलाचा मुद्दाच कोसळतो. 'बीज' मुळाला सर्वांत जवळचा, पण 'बीजाला देश दिला' कानाला खटकते. 'संतानाला / संतानांना' ही जोडी दोन्हीकडे चालते. मात्र उत्पत्तीत आणि पत्रात तोच शब्द ठेवा. एकीकडे 'वंशज', दुसरीकडे 'संतान' असे झाले की वाचकाला पौल कशाबद्दल बोलतोय तेच कळत नाही.

उत्तर: एक पुरवणी. पौल 'अनेक' नाकारत नाही. ३:२९ मध्ये ख्रिस्ताच्या सगळ्यांना तो 'अब्राहामाचे संतान' म्हणतो, तेही एकवचनातच. अर्थ लावण्याच्या वाटा फुटतात त्या पुढे. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन ख्रिस्ती लोकांनाच खरे इस्राएल म्हणतो. एकोणिसाव्या शतकात बायबल-शिक्षक डार्बीने इस्राएल आणि मंडळी (ख्रिस्ती समाज) वेगळी धरली, देशाचे वचन शब्दशः यहुद्यांचेच मानले. केवळ ३:१६ वरून यहुद्यांचे वचन रद्द ठरवणे मात्र चूक, कारण देव आपली दाने आणि पाचारण (बोलावणे) मागे घेत नाही, हे रोमकरांस ११:२९ मधले वाक्यही पौलाचेच आहे.

प्रश्न: रोमकरांस ११:२९ मध्ये दाने आणि पाचारण यांना 'अपरिवर्तनीय' म्हटले तर चालेल?

उत्तर: अर्थ कळतो, पण धार जाते. ग्रीक 'अमेतामेलेता' म्हणजे ज्याचा पस्तावा होत नाही असे. देवाला दिल्या दानाचा आणि केलेल्या पाचारणाचा पस्तावा नाही. १९६५ च्या व्हॅटिकन जाहीरनाम्याच्या ('नोस्त्रा एताते') चौथ्या परिच्छेदाने पौलाच्या याच वाक्याचा आधार घेतला आहे. 'अनुतापरहित' जड वाटेल, तरी तोच अचूक.