चेक इंजिनचा दिवा, कोड पी ०४२० आणि ३८ हजारांचा खर्च: कन्व्हर्टर खरंच गेलाय का, कसं ओळखावं?

तापीकाठ (सावदा)

राम राम मंडळी. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, बीएस ४, ८६ हजार किलोमीटर झालेत. रोज भुसावळला शाळेत जाते आणि आठवड्यातून दोनदा आईला डायलिसिससाठी जळगावला नेते. तीन आठवड्यांपूर्वी मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. लुकलुकत नाही, लागूनच राहतो. पिकअप ठीक आहे, पण ॲव्हरेज १८ वरून १५-१६ वर आलंय.

सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावला, कोड आला पी ०४२०. पाच मिनिटांत निकाल दिला, "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, बदलावा लागेल, ३८ हजार." (कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सर लाईनमधला, धूर साफ करणारा डबा.) गाडी उचलून खालून कोणी पाहिलीसुद्धा नाही. कोड पुसून दिवा घालवून दिला, चौथ्या दिवशी नशिराबादजवळ परत लागला.

३८ हजार माझ्यासाठी थोडे नाहीत. खरंच लागणार असतील तर कुठूनही उभे करीन, पण आधी खात्री हवी. कन्व्हर्टर गेलाय हे नक्की कशावरून कळतं? तोवर गाडी वापरली तर चालेल का? आणि जळगाव-भुसावळकडे नीट तपासून देणारं गॅरेज कसं निवडावं?

धुळ्याचा_वाटसरू

ताई, मना अनुभव सांगस. हाच कोड, हाच सल्ला, २०२१ साली. मी ऐकलं आणि कन्व्हर्टर बदलला. दोन महिन्यांनी दिवा परत लागला. शेवटी प्लग आणि एक कॉइल खराब निघाली, नवा कन्व्हर्टरही त्यातच खराब व्हायला लागला होता. अजून पैसे देऊ नका. पी ०४२० सोबत दुसरा कुठला कोड होता का, ते आधी विचारा. पी ०३०० ते पी ०३०४ पैकी काही असेल तर गाडी मिसिंग मारते आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही, आधी ते काढायचं.

जुना_फिटर (भुसावळ)

ताई, तीस वर्षं हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पी ०४२० चा अर्थ "कन्व्हर्टर गेला" असा नाही. "कन्व्हर्टरचं काम मर्यादेपेक्षा कमी दिसतंय" एवढाच आहे. आणि हे "दिसणं" मागच्या ऑक्सिजन सेन्सरच्या डोळ्यांनी असतं. सायलेन्सर लाईनमध्ये दोन सेन्सर असतात, एक कन्व्हर्टरच्या आधी, एक नंतर. पुढच्याचा व्होल्टेज साधारण ०.१ ते ०.९ मध्ये सारखा वरखाली होतो, कारण कॉम्प्युटर पेट्रोल क्षणोक्षणी कमी-जास्त करत असतो. कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरची रेघ ०.६-०.७ च्या आसपास जवळपास सरळ चालते. मागचा पुढच्यासारखाच नाचायला लागला की कॉम्प्युटर पी ०४२० टाकतो. (काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, त्याचे आकडे वेगळे येतात. मागच्याचा हिशोब तोच.)

आता मागचा सेन्सर का नाचतो? कन्व्हर्टर मेलेला असू शकतो, पण सेन्सरच्या आधी कुठे लाईन गळत असेल तरीही तेच होतं. लोकांना वाटतं फट पडली की धूर फक्त बाहेर जातो. तसं नाही. धूर ठोक्याठोक्यानं येतो, दोन ठोक्यांच्या मधे पाईपात ओढ तयार होते आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत शिरते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो. फट पुढच्या सेन्सरच्याही आधी असेल तर कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो आणखी ओततो. तुमचं ॲव्हरेज पडलंय ना, म्हणूनच मला मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या इंजिनालगतच्या पाईपकडे, संशय येतो. नुसता कन्व्हर्टर निकामी झाला आणि चोंदला नाही, तर ॲव्हरेज सहसा एवढं पडत नाही.

उद्या सकाळी एक करा. रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन पूर्ण थंड. बोनेट उघडा, दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा आणि कान इंजिनकडे ठेवा. टिक-टिक-टिक असा कोरडा आवाज येतो का? आणि पाच-सात मिनिटांत इंजिन तापल्यावर तो कमी होतो का? लोखंड तापून फुगतं आणि फट दाबली जाते, म्हणून आवाज बसतो. सर्व्हिस सेंटरला गाडी तापलेलीच पोचते, तिथे हा आवाज कधी सापडत नाही. मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचे काळे पट्टे दिसतात का तेही टॉर्च लावून बघा. हात लावू नका, इंजिनच्या फिरत्या बेल्टजवळ ओढणी नेऊ नका.

एक विचारतो, आणि याचं उत्तर आज रात्रीच द्या. गाडी उभी करून एसी लावून कोणी आत बसतं का?

चोपड्याचा_शेतकरी

उंदीर पण बघा. आमची गाडी कपाशीच्या साठ्याशेजारी उभी असायची. कोड होता पी ०१४१, म्हणजे मागच्या सेन्सरचा हीटर. मेकॅनिक सेन्सर बदला म्हणत होता. वायर हातात धरून शेवटपर्यंत गेलो तर दोन ठिकाणी कुरतडलेली. सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली, दिवा गेला.

शिरपूर_सवारी

सोपा उपाय सांगतो. कन्व्हर्टर फोडून आतलं जाळं काढून टाका, मागच्या सेन्सरला स्पेसर लावा, म्हणजे सेन्सर धुरापासून लांब राहतो. दिवा कायमचा जातो, पिकअप पण वाढतो.

जुना_फिटर (भुसावळ)

भाऊ, हा सल्ला मागे घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाची कारवाई होते, ते एक. पीयूसीला बीएस ४ पेट्रोल गाडीचा आयडलिंगचा सीओ ०.३ टक्क्यांच्या आत लागतो, ते जाळ्याशिवाय अवघड. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. स्पेसर लावला की दुखणं दिसायचंच बंद होतं. गळती तशीच, मिसिंग तसंच, आणि गाडीत डायलिसिसचा पेशंट बसतो.

आणि कुणाला कन्व्हर्टर बदलावाच लागला तर जुना मागून घरी आणा. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात त्याला चांगला भाव येतो. तो तुमचा माल आहे.

तापीकाठ (सावदा)

दादा, तुमचा प्रश्न वाचून हात गार पडले. हो, बसते. आईच. डायलिसिस झाल्यावर ती गळून गेलेली असते, मी औषधं आणि कागदपत्रं घेऊन येईपर्यंत इंजिन चालू ठेवून एसीत बसवते. जळगावचं ऊन तुम्हाला माहीत आहे, ४४-४५ डिग्रीत काच खाली करून म्हाताऱ्या माणसाला बसवणार कसं? ती म्हणते डोकं जड होतं. डायलिसिसनंतर डोकं दुखतंच, म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही.

जुना_फिटर (भुसावळ)

आजपासून बंद. चालू गाडीत उभ्या-उभ्या कुणालाही बसवू नका. डोकं डायलिसिसमुळेही जड होत असेल, ते डॉक्टरांना विचारा आणि गाडीचंही त्यांना सांगा. पण केबिनमध्ये बाहेरची हवा घेणारी जाळी काचेच्या खाली, बोनेटच्या मागच्या कडेला असते. मॅनिफोल्डला गळती असेल तर धूर तिथंच जमतो. आणि तो कन्व्हर्टरच्या आधीचा, म्हणजे कच्चा धूर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उभ्या गाडीत तो उडून जात नाही. आईंना हॉस्पिटलच्या आतच पंख्याखाली बसवा. नाइलाजानं गाडी न्यायचीच झाली तर दोन्ही बाजूच्या काचा थोड्या खाली ठेवा, बंद शेडमध्ये गाडी चालू करून ठेवू नका. जमलं तर दोन फेऱ्या दुसऱ्या गाडीनं करा.

फैजपूर_फाटा

ताई, मी तुमच्या शेजारच्याच गावचा. गुरुवारची फेरी माझ्या गाडीनं करा, मी तसाही मार्केटला जळगावला असतो. मेसेज करा.

चाळीसगावकर

मधेच विचारतो. माझी डिझेल बीएस ६, डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा येतो आणि कोड पी २४६३. हेच दुखणं का?

जुना_फिटर (भुसावळ)

नाही, तुमच्या फिल्टरमध्ये काजळी साठली आहे. गावातल्या गावात चालवता ना? फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्याला सलग वेग लागतो. दिवा नुकताच आला असेल तर हायवेला ६०-७० च्या वेगानं वीसेक मिनिटं न थांबता न्या, मधे इंजिन बंद करू नका. दिवा लुकलुकत असेल किंवा गाडी ओढत नसेल तर थेट स्कॅनरवर. वेगळा धागा काढा, तिथं लिहितो.

तापीकाठ (सावदा)

सकाळी साडेपाचला भावाला उठवलं. त्यानं चावी फिरवली आणि आवाज आला! अगदी कोरडा, गॅसच्या लायटरसारखा, टक-टक-टक. मी रोज दारं लावून निघत होते, कधी ऐकूच आला नव्हता. सहा मिनिटांनी जवळपास थांबला. टॉर्चनं पाहिलं तर उजवीकडच्या शेवटच्या जोडाशी पत्र्यावर पिसासारखा काळा डाग, बाकी तीन जोड स्वच्छ. आता गॅरेज सांगा.

जुना_फिटर (भुसावळ)

नाव सांगत नाही, कसं निवडायचं ते सांगतो. अजिंठा चौफुलीकडे पुष्कळ गॅरेजेस आहेत. दारात तीन गोष्टी विचारा. स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असतानाचे आकडे, दाखवाल का, नुसता कोड नको. गाडी रात्री ठेवून सकाळी थंड इंजिनवर तपासाल का? मॅनिफोल्ड आवळणारा स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) तुटलेला निघाला तर तो काढायला लेथवाला ओळखीचा आहे का? तिन्हीला हो म्हटलं तर द्या.

लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघायला सांगा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय तो आकडा. आयडलिंगला बराच प्लस आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल तर हवा कुठूनतरी शिरते आहे. ती इनटेकच्या फाटक्या होजमधूनही शिरू शकते, तेही तपासून घ्या. मॅनिफोल्डच्या जोडातलं पॅकिंग नवंच लावायचं, जुन्यावर साधं सिलिकॉन फासू देऊ नका. ते टिकत नाही आणि त्याच्या वाफेनं ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. इलेक्ट्रिक वेल्डिंग करणार असतील तर आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायला लावा.

तापीकाठ (सावदा)

बारा दिवसांनी लिहिते आहे, मुद्दाम थांबले होते.

तीन गॅरेजला तिन्ही प्रश्न विचारले. दोघांनी "आधी गाडी तर आणा" म्हटलं. तिसरा वयस्कर माणूस, त्यानं विचारलं, "थंड असताना आवाज येतो का?" तिथंच ठेवली.

सकाळी मी समोर उभी होते. ट्रिम आयडलिंगला प्लस १७, रेस दिल्यावर प्लस ६. इनटेकचे सगळे होज चांगले. मग वरचा पत्रा काढला आणि दिसलं. चौथ्या सिलिंडरच्या तोंडाशी खालचा स्टड तुटून नट गायब, पॅकिंगचा तेवढाच कोपरा जळून गेलेला. ते पॅकिंग त्यांनी माझ्या हातात दिलं. तीन गोल कडा राखाडी, चौथी काळीकुट्ट, आणि तिच्यात करंगळीचं नख जाईल एवढी चीर. तीन आठवडे मी ३८ हजारांच्या काळजीत होते, ती एवढीशी.

तुटलेला स्टड आत बसला होता, बाहेर दोन-तीन मिलिमीटरच टोक. बॅटरी सोडवून त्या टोकावर नट वेल्ड केला, गार होऊ दिला आणि पाना लावून हळूहळू मागेपुढे करत बाहेर काढला. दीड तास गेला. चारही बाजूंचे स्टड नवे, पॅकिंग नवं, मजुरी आणि लेथवाला धरून २,९०० रुपये.

नंतर कोड पुसून एरंडोल-पारोळ्यापर्यंत जाऊन आलो, ७०-८० चा सलग वेग. मागच्या सेन्सरची रेघ ०.६८ वर, जवळजवळ सरळ. ट्रिम प्लस ३. कन्व्हर्टर चांगला आहे. ४१० किलोमीटर झाले, दिवा लागलेला नाही, पीयूसीही पास झाली. ॲव्हरेज पूर्ण टाकी संपल्यावर लिहीन.

गेल्या तीन फेऱ्यांत आईचं डोकं जड झालेलं नाही. डॉक्टरांनाही सांगितलंय, ते लक्ष ठेवून आहेत. आता ती आत बाकावरच बसते. फैजपूरच्या भाऊंनी दोन गुरुवार नेलं-आणलं, डिझेलचे पैसे घेतले नाहीत. आईनं त्यांच्यासाठी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा दिलाय, तो तरी घ्या म्हणावं.

जुना_फिटर (भुसावळ)

छान झालं, ताई. एक काम राहिलंय. नवं पॅकिंग तापून-निवून थोडं बसतं. ५०० किलोमीटर झाले की इंजिन थंड असताना त्याच माणसाकडे जाऊन सगळे नट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासून घ्या. तापलेल्या इंजिनवर करू देऊ नका.