प्रतिसाद: २५६ केबीत एलएसटीएम बसवणे

दादरच्या फलाटावर बोललेले शब्द ओळखणारं एलएसटीएम (आवाज टप्प्याटप्प्याने वाचून आधीचं लक्षात ठेवणारं न्यूरल नेटवर्क) छोट्या चिपच्या २५६ केबी फ्लॅशमध्ये, म्हणजे कायमच्या मेमरीत, कसं बसवायचं हा तुमचा प्रश्न. आहे तसं ते बसणारच नाही. दर पायरीला इनपुटचे ४० आकडे, आतल्या (हिडन) थराची रुंदी १२८ म्हणजे ८६,५२८ पॅरामीटर, अर्थात शिकलेले आकडे (चारही गेटना एकेकच बायस धरून). फ्लोट३२ मध्ये (दर आकड्याला ४ बाइट) सुमारे ३४६ केबी. वेट्स, म्हणजे हेच आकडे, इंट८ (१ बाइटचे पूर्णांक) केले की साधारण ८७ केबी. सेल स्टेट, म्हणजे नेटवर्कची चालू आठवण, मात्र इंट१६ मध्येच (२ बाइट) ठेवा. ती पायरीगणिक साचत जाते आणि ८ बिटांत राउंडिंगची चूकही तिच्यासोबत साचते. त्यामुळे लांब क्लिपवर अचूकता घसरते. कॅलिब्रेशनला (पूर्णांकांची रेंज ठरवायला) नुसती शांत खोलीतली रेकॉर्डिंग्ज देऊ नका, फास्ट लोकल धडधडत गेली की आकडे रेंजबाहेर जाऊन कापले जातात. काहीजण सुचवतात ते सुट्या वेट्सचं प्रूनिंग (काही वेट्स शून्य करणं) कॉर्टेक्स-एमवर, म्हणजे अशा छोट्या चिपमधल्या प्रोसेसरवर, फारसं कामाचं नाही, गुणाकार करणाऱ्या साध्या कोडमध्ये (कर्नलमध्ये) शून्यांचेही गुणाकार होतच राहतात. त्यापेक्षा हिडन ६४ करून पुन्हा ट्रेन करा: २६,८८० पॅरामीटर.